हुंकाराचा तास

स्पीकरमधली बाई इंग्रजीत एक वाक्य बोलली आणि आठवीच्या सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं, "हूं!"

बाईचं दुसरं वाक्य त्या हूंखाली गाडलं गेलं. तिसऱ्याचंही तेच झालं. गोष्ट कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची होती, पण छत्री सापडली की नाही हे खुद्द यामिनी मॅडमनाही कळेना. त्यांनी स्पीकर बंद केला.

"कोण हूं हूं करतंय?"

"सगळेच, मॅडम," वीरसिंग प्रामाणिकपणे म्हणाला.

तोरणमाळच्या घाटाखालच्या या आश्रमशाळेत इंग्रजी नुसतं ऐकण्याचा तास हे यामिनी मॅडमचं लाडकं खूळ होतं. पोरं इंग्रजी वाचत, फळ्यावरून सुबक अक्षरात उतरवून घेत. पण समोरचा माणूस इंग्रजी बोलू लागला की खिडकीबाहेर बघत. म्हणून मॅडमनी मुख्याध्यापक हिंमतरावांच्या मागे लागून आठवड्यातून एक तास पदरात पाडून घेतला होता. हिंमतरावांच्या मते ती दिवसाढवळ्या झोप काढायची सोय होती. "ऐकानं काय शिकाडनं पडस का, मॅडम? कान तं देवनी देयेल शेतस!" असं ते अहिराणीत विचारत आणि उत्तर न ऐकताच निघून जात.

मॅडमनी हूंवर बंदी घातली. पुढच्या तासाला वर्ग चिडीचूप. बाईने छत्रीची गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. मॅडमनी प्रश्न विचारले, तर एकालाही एक उत्तर येईना. शेवटी कामिनी पावरा उभी राहिली.

"मॅडम, ती बाई थांबतच नाही. आमच्या पाड्यावर आजा गोष्ट सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने हूं द्यावा लागतो. समजलं तर हूं. नाही समजलं तर गप. मग आजा मागे येतो, दुसऱ्या रीतीने सांगतो. हूं द्यायला कोणीच नसलं तर गोष्ट बंद."

"आणि ही बाई?"

"आम्ही जागे आहोत की झोपलो, हिला काही पडलेलंच नाही!"

यामिनी मॅडम खुर्चीत बसल्या. आजवर त्या "समजलं का?" विचारत आल्या होत्या आणि पोरं "हो" म्हणत आली होती. त्यांच्या पाड्यावर मात्र न समजता होकार द्यायचाच नाही, अशी रीत घरोघर नांदत होती. त्यांना या पोरांचं मनापासून कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. त्या दिवसापासून मॅडम स्पीकरमधल्या बाईला प्रत्येक वाक्यानंतर थांबवू लागल्या. हूं आला तर पुढे, नाही आला तर तेच वाक्य पुन्हा. छत्री सापडली, आणि मग गोष्टीमागून गोष्ट संपू लागली.

तेवढ्यात प्रकल्प कार्यालयातले उमाकांत साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. पोरांनी ऐकून नीट उत्तरं दिली तर तास राहील, नाहीतर त्या वेळात गाईडमधलं पाठांतर, असं हिंमतरावांनी जाहीर करून टाकलं. तास गेला तर पोरं पुन्हा खिडकीबाहेर बघायला मोकळी, या विचाराने मॅडमना जेवण गोड लागेना.

"अन् साहेबनापुढे एक बी हूं ऐकू उना, तं तास बंदच समजा!" हिंमतरावांनी वर्गाला दम भरला.

साहेबांची गाडी घाटात तापली. ते येईपर्यंत हिंमतरावांनी सकाळपासून त्याच स्पीकरवर स्वागतगीतं लावून ठेवली. वीज आदल्या दिवसापासूनच नव्हती, स्पीकर उरल्यासुरल्या बॅटरीवर चालला होता. दुपारी साहेबांनी खिशातून परीक्षेच्या उताऱ्याचा पेन ड्राइव्ह काढून लावला मात्र, स्पीकरने एकदा घरघर केली आणि मान टाकली.

"असू द्या," साहेब घाम पुसत म्हणाले. "मीच वाचतो."

त्यांनी कागद काढून पहिलं वाक्य वाचलं. वर्ग दगडासारखा बसला. दुसरं वाचलं, आणि कामिनीच्या तोंडून निसटलं, "हूं."

हिंमतरावांनी डोळे वटारले. साहेबांनी मान वर केली, जरा चक्रावले, पण पुढे वाचू लागले. आता वीरसिंगचाही हूं आला, मग मागच्या बाकांचा, मग सगळ्यांचा. एका लांबलचक वाक्यावर मात्र कुणीच हूं दिला नाही. साहेब थांबले.

"काय झालं?"

"सर, हे नाही समजलं त्यांना," यामिनी मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेबांनी तेच सोप्या शब्दांत सांगितलं. "हूं!" साहेबांचा चेहरा खुलला. हाफिसात ते बोलू लागले की लोक मोबाइल काढत. इथे अख्खा वर्ग त्यांचं वाक्य झेलायला बसला होता. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि मोडक्यातोडक्या पण धीट इंग्रजीत स्वतःचीच गोष्ट सुरू केली. लहानपणी वडिलांबरोबर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याबाहेर ते उसाची बैलगाडी घेऊन रांगेत उभे होते, आणि त्यांचा बैल पुढच्या गाडीतला ऊस खात सुटला. पुढच्या गाडीवाल्याने मागे वळून पाहिलं, तेव्हा बैलाच्या तोंडात त्याच्या उसाचं शेवटचं कांडं होतं!

सगळा वर्ग खदखदून हसला. पोरं हसली म्हणून मग हिंमतरावही हसले.

साहेबांनी प्रश्नांचा पेपर काढलाच नाही. "उत्तरं पाठ करता येतात, हिंमतराव," ते म्हणाले, "पण हसू पाठ करता येत नाही. हा तास चालू राहील. दर गुरुवारी मी स्वतः येईन. मला अजून पुष्कळ सांगायचं आहे."

यामिनी मॅडमचे डोळे भरून आले. कामिनीने वर्गातर्फे आभार मानले, तेही इंग्रजीत, आणि साहेबांनी तिला चक्क "हूं" दिला.

पुढच्या आठवड्यात मॅडमना फोन आला.

"मी उमाकांत साहेबसनी बायको, निशा बोली ऱ्हायनी. तुम्हनी शाळामा यास्ले काय करं हो, ताई? घरमा एक वाक्य बोलतस अन् थांबी जातस. मी हूं म्हनं तंच पुढे बोलतस!"

"अगंबाई! मग तुम्ही काय करता?"

"मी हूंच म्हनत नही. घर कसं शांत शे! तुम्हना उपकार व्हयनात."

"हूं," यामिनी मॅडम सवयीने म्हणाल्या.

पलीकडचा आवाज एकदम बदलला. मग निशाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही हूं म्हननात? इतला वरीसमा मले कोनीच हूं म्हनं नव्हतं. आते बठी जा बरं. मी सुरुवातपासून सांगस."