गळ्यातली गिरणी

आमच्या शेजारच्या सुलूकाकी गोळी नुसती गिळत नाहीत, आधी तिची उलटतपासणी घेतात. पाचशेची नोट धरावी तशी ती उजेडात धरायची, नखाने खरवडायची, वास घ्यायचा आणि मग म्हणायचं, "गोम आहे रे यात."

काकींना गोम सगळीकडे दिसते. दुधात, रिडेव्हलपमेंटच्या नकाशात, विनाकारण हसणाऱ्या माणसात. दत्ताकाका, म्हणजे त्यांचे यजमान, हयात होते तेव्हा सगळ्यात मोठी गोम तेच. काकांची कापडगिरणी बंद पडल्यावर काकी खानावळीत पोळ्या लाटायला जायच्या आणि काका गॅलरीच्या टोकाला स्टूल टाकून दिवसभर बसायचे. समोरच्या चाळीत कोणीतरी आहे, असा काकींचा पक्का वहीम. काका गेले, वहीम राहिला.

यंदा काकींची छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले, वजन उतरलं. काम मात्र दुप्पट. सगळ्यांचा जिना एकट्या धुऊन काढायच्या. मी त्यांना परळला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवतेय, म्हणून सगळं शरीर पळतंय. ही गोळी ते बनवणं कमी करते. नाही घेतली तर हृदय कधीतरी दगा देईल. काकींना नीट कळावं म्हणून ते वर बोलून गेले, "गळ्यात एक गिरणी आहे समजा. ती आपण थंड करतोय."

लालबागच्या गिरणगावातल्या बाईला हे सांगायचं का? दवाखान्याच्या पायरीवरच काकी थांबल्या.

"थांबवलेली गिरणी परत चालू झालेली बघितलीस तू कधी?"

काकांसारखं स्टुलावर बसून राहण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. गोळ्या तुळशीच्या कुंडीत जाऊ लागल्या. तुळशीला गुण आला की नाही ते कळलं नाही. शेवटी ऑफिसला जाताना मीच रोज समोर उभा राहून त्यांना तोंड उघडून दाखवायला लावू लागलो. मग केमिस्टकडून मला कमिशन किती मिळतं, हेही विचारून झालं.

ही गोळी लगेच लागू पडत नाही, आधी शरीरात साठलेलं हार्मोन संपावं लागतं. महिना-दीड महिन्याने धडधड कमी झाली, हात स्थिर झाले. परवा सुट्टीच्या दुपारी बघतो, तर काकी काकांच्या स्टुलावर. बरं नाही का, म्हणून विचारलं.

"बरी आहे. तू बस इथे." उठून त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं. "काय दिसतं?"

समोरची चाळ खांबाआड गेली होती. दिसत होतं ते फक्त आमच्या चाळीचं फाटक.

"खानावळीतून मी तिथूनच यायचे," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सावकाश मी कधी ऐकला नव्हता. "मी दिसले की हे उठून आत जायचे. मला वाटायचं, चोरी पकडली जाईल म्हणून. आत येऊन बघावं, तर चहाचं आधण ठेवलेलं असायचं रे."