मामाजींचं सढळ माप

बुधवारी दुपारी टिकेश रहांगडाले स्टुलावर चढून लाकडी गाडीच्या टपावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरत होता आणि खाली त्याचे मामा लक्ष्मीचंद बिसेन मोठ्या आत्मविश्वासाने रसायन कालवत होते. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या आत्मविश्वासात आहे. टिकेश केशोरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मिश्रणाचं प्रमाण हा धडा त्याने नववीच्या पोरांकडून सतरा वर्षं घोकून घेतलाय. तरीही माप दुसऱ्याच्या हाती देऊन तो स्वतः स्टुलावर चढला, याला काय म्हणावं ते ज्याचं त्याने ठरवावं.

गाडी म्हणजे चाकांवरची एक खोली. प्लायवूडची, पाठीकडे उतरत गेलेली. आत दोघांपुरती गादी, खिडकीला जाळी आणि पडदा, मागे शेगडी ठेवायला फळी. कारला जोडायची आणि ओढत न्यायची. टिकेश तिला ट्रेलर म्हणायचा, गाव तिला डब्बा म्हणायचं. सात महिन्यांचे सगळे रविवार त्याने या डब्ब्यात घातले होते. आता फक्त बाहेरून काचेचं कापड चिकटवून त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन रसायनं कालवली की दगडासारख्या होणाऱ्या गोंदाचा, थर द्यायचा राहिला होता. तो थर एकदा वाळला की लाकडात पाणी शिरायची सोय उरत नाही.

हा उद्योग कशासाठी, तेही सांगायला हवं. टिकेश आणि रिंकीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत दोघं एकदाही फिरायला गेले नव्हते. म्हणजे निघाले पुष्कळदा. पण रहांगडाल्यांचे नातेवाईक गोंदिया जिल्हाभर आणि वर पार बालाघाटपर्यंत पसरलेले. कुठलाही रस्ता धरा, तो कोणा ना कोणा आत्याच्या दारावरूनच जातो, आणि तिच्या दारावरून जाऊन लॉजवर उतरणं म्हणजे त्या घराशी कायमचं वाकडं घेणं. पचमढीला म्हणून निघाले ते बालाघाटला आत्याच्या यजमानांकडे, फुफाजींकडे, चार दिवस राहून परत आले. पाहण्यासारखं एवढंच झालं की फुफाजींची नवी बोअरवेल पाहिली. एकदा तर घराजवळच्या प्रतापगडावर जायचं ठरलं. पायथ्याच्या गावात चुलत साळ्याने जेवायला थांबवलं, जेवण होईस्तोवर ऊन चढलं आणि ऊन उतरेपर्यंत पुन्हा जेवायची वेळ झाली. गड त्यांनी साळ्याच्या अंगणातून पाहिला.

त्या दिवशी घरी आल्यावर रिंकी एवढंच म्हणाली, "मले एक मुक्काम असा पाह्यजे जी, का जथी आपण दोघंच राहू. एकच."

टिकेशला ते लागलं. दुसऱ्याच रविवारी त्याने प्लायवूड आणलं.

निघायचा दिवस ठरला शुक्रवार, पहाटे. त्यातही एक अडचण होतीच. शनिवारी केशोरीची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि पाळणे, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांचे लोंढे. मंडईच्या दिवशी यजमानच घरी नाहीत हे या भागात कोणी ऐकलेलं नाही. म्हणून टिकेशने दरेकशाकडच्या मामांना गाठलं. पाहुण्यांचं सगळं मी पाहतो, तुम्ही खुशाल जा, असं मामाजी म्हणाले आणि मंगळवारीच येऊन दाखल झाले. आल्यावर रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून टिकेशने त्यांना माप दिलं.

काम सोपं होतं. दोन मग रेझिन, एक मग हार्डनर, तीन मिनिटं ढवळायचं. एकदम सगळं कालवलं तर बादलीतच दगड होतो, म्हणून थोडं थोडं. टिकेशने ते तीनदा समजावून सांगितलं आणि मामाजींनी तिन्ही वेळा मान डोलावली. संध्याकाळपर्यंत नऊ घाणे झाले. डब्बा काचेसारखा चमकायला लागला. रिंकी बाहेर येऊन त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेली आणि तिने त्याच रात्री बॅग भरली.

गुरुवारी सकाळी टिकेशने थर वाळला का ते पाहायला बोट लावलं. बोट डब्ब्यालाच राहायचं म्हणू लागलं. त्याने दुसरीकडे लावलं, तिथेही तेच. टपावर, पाठीवर, दोन्ही कुशींवर, सगळीकडे गुळाच्या पाकासारखा लिबलिबीत चिकटा. फक्त दाराची फळी तेवढी खणखणीत होती, कारण ती आठवड्यापूर्वी टिकेशने स्वतः माप घेऊन केली होती. मामाजी दातण करत आले आणि आख्खा पंजा लावून पाहिला. तो सोडवायला दोघं लागले.

"मामाजी," टिकेशने जमेल तेवढ्या शांतपणे विचारलं, "हार्डनर तुमी बरोबर एकच मग टाकत होता ना?"

"बरोबर तं दुकानदार देते," मामाजी म्हणाले. "आपल्या घरून वरून देतेत."

"म्हंजे?"

"म्हंजे एक मग, आन् त्याच्यावर थोडं. हात म्हणन तेवढं."

मामाजींची काहीच चूक नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी गड्याला, न्हाव्याला, गुराख्याला धान मोजून दिलं आणि प्रत्येक पायलीवर एक ओंजळ वरून घातली. बिसेनांच्या घरातून कोणी नेमकं माप घेऊन गेला, असं पंचक्रोशीत कोणी म्हणू शकलं नसतं. असा माणूस सख्ख्या भाच्याच्या गाडीला मोजून मापून देईल, हे होणंच नव्हतं. उलट नऊच्या नऊ घाण्यांत आपण जरा जास्तच सढळ होतो, हे त्यांनी थोड्या अभिमानानेच सांगितलं.

टिकेशने खाली बसून समजावलं की रेझिन आपल्या वाट्याचा हार्डनर घेतं आणि जास्तीचा तसाच उरतो.

"मंग थो उरलेला का करते?"

"चिकटते, मामाजी."

मामाजींनी आपल्या पंजाकडे पाहिलं. मग ते पिंपळाखाली जाऊन बसले.

टिकेशने गोंदियाच्या दुकानदाराला, इंद्रकुमारला फोन लावला. तिकडून हिंदीत उत्तर आलं की सर, सगळं खरवडून काढावं लागेल, थिनरने पुसावं लागेल आणि नव्याने लावावं लागेल, आणि नवा माल नागपूरहून यायला पाच दिवस लागतील. टिकेशने दुसरा काही उपाय विचारला. कडक उन्हात ठेवून पाहा, कधी कधी थोडं सुकतं, असं इंद्रकुमार म्हणाला. तो म्हणाला "थोडं", टिकेशने ऐकलं "सुकतं".

म्हणून शेजारच्या चार जणांना बोलावून डब्बा शेडमधून बाहेर काढायचं ठरलं. ढकलताना फक्त लोखंडी दांड्याला हात लावा, असं टिकेशने बजावलं होतं. पण गाडी ढकलायची म्हटलं की माणूस आधी खांदा लावतो. चौघांचे शर्ट डब्ब्याने ठेवून घेतले आणि चौघं बनियनवर घरी गेले. डब्बा मात्र उन्हात आला.

नेमकं त्याच दुपारी शेजारच्या खळ्यावर भुवनेश्वर पटल्याचं धानमळणीचं मशीन सुरू झालं. टिकेश धावत जाऊन अर्धा दिवस थांबायला विनवून आला, पण मशीन भाड्याचं होतं आणि त्याच्यामागे रांग होती. वारा इकडचाच होता. तासाभरात डब्ब्यावर बोटभर भुसा बसला. ते पाहून मामाजींना राहवलं नाही. ते पिंपळाखालून उठले, आपला दुपट्टा ओला केला आणि भुसा पुसायला गेले. दुपट्टा तिथेच राहिला. तो सोडवायला नेलेला खराटाही तिथेच राहिला. सूर्य मावळताना चार शर्ट, एक दुपट्टा आणि एक खराटा लेवून डब्बा अंगणाच्या मधोमध उभा होता.

रिंकीने दारातून हे सगळं पाहिलं आणि आत जाऊन भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली. ती चिडली असती तर टिकेशला बरं वाटलं असतं. पण तिने साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडायला घेतले. टिकेशला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत बायकोने एकच गोष्ट मागितली होती आणि तीही त्याला नीट कालवता आली नाही.

शुक्रवारी सकाळी पहिला पाहुणा म्हणून टिकेशची आत्या अनुसयाबाई आली. मंडईसाठी घेतलेली नवी जांभळी साडी नेसून, ऑटोतून उतरून ती थेट अंगणात आली आणि चपला काढायला तिने जवळ दिसलेल्या भिंतीला पाठ टेकली. ती भिंत डब्ब्याची होती, आणि नेमकी मामाजींनी भुसा पुसलेली. पाठीपासून कमरेपर्यंत साडी बसली ती बसली. टिकेश कात्री घेऊन धावला, पण नव्या साडीला कात्री लावलेली आत्याला चालणार नव्हती. रिंकीने गोडेतेल आणलं, तर तेलाचे डाग पडतील म्हणून तेही नको. शेवटी एक खुर्ची आणून आत्याला आहे तिथेच बसवलं. मागून येणारे पाहुणे तिथेच तिच्या पाया पडले, चहा तिथेच झाला, आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमलं याचीही चर्चा तिथेच झाली. दोन तासांनी बायकांनी चादरींचा आडोसा धरला आणि आत्या रिंकीची साडी नेसून मोकळी झाली. जांभळी साडी डब्ब्यावर राहिली.

"मी लग्नापासून या घरी येऊन राहिली," आत्या म्हणाली, "पण या घरानं मले असं कधी धरलं नव्हतं."

या प्रकारानंतर गावभर बातमी गेली. मंडईचे नवे कपडे घालून आलेले पाहुणे अंगणात शिरताना भिंतीच्या कडेकडेने शिरायला लागले. मामाजींनी पश्चात्तापाने चुना आणला आणि डब्ब्याभोवती दोन हात जागा सोडून एक पांढरा गोल आखला. गोलाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी प्रत्येकाला जातीने सांगितलं.

दुपारपर्यंत घरात बावीस माणसं झाली. ओसरीवर पत्ते, माजघरात बायका, गच्चीवर पोरं, पलंगावर आडवे झालेले दोन मावसकाका. रिंकी पहाटे चारपासून चुलीपुढे होती. तीनच्या सुमारास कोणीतरी चहा मागितला आणि लक्षात आलं की रिंकी घरात नाही. टिकेशने विहिरीकडे पाहिलं, गोठ्यात पाहिलं, शेजारी विचारलं. मग त्याची नजर चुन्याच्या गोलाच्या आत, डब्ब्याच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपलांवर गेली.

त्याने कडी धरून हळूच दार उघडलं. आत रिंकी गादीवर पाय पसरून पडली होती. उशाशी थर्मास होता, पडदा ओढलेला होता. बावीस माणसांचा गलका भुशाच्या थरातून अगदी दुरून येत होता.

"आत या, आन् दार लावा," ती हळू आवाजात म्हणाली.

तो आत गेला. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. दोघं प्यायले. पोरं अंगणात खेळत होती, पण गोलाजवळ आली की वळत होती. एक काका टिकेशला हाका मारत आले आणि गोलाच्या कडेला उभे राहून परत गेले.

"अर्धा तास झाला," रिंकी म्हणाली. "कोणी आलं नाही."

"कसं येईन? सगळे भेऊन राहिले."

रिंकी हसली. ती अशी हसलेली टिकेशने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिने त्याच्या दंडाला चिकटलेलं भुसकट काढलं आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी कायसं झालं होतं, ती गोष्ट काढली. तो विसरलाच होता. मग त्यालाही एक आठवली. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी ताट आणून ठेवलं नाही, म्हणून त्या दोन गोष्टी पूर्ण झाल्या.

तेवढ्यात इंद्रकुमारचा फोन आला. सर, तुमचं नशीब चांगलं आहे, माल इथेच एकाकडे निघाला, संध्याकाळच्या बसने पाठवतो आणि खरवडायला कारागीरही देतो, रात्रीतून काम सुरू होईल. टिकेशने फोनवर हात ठेवून रिंकीकडे पाहिलं.

"त्याले सोमवारी याले सांगा," ती म्हणाली.

"सोमवारी काऊन?"

"आत्ता कसं जमन? आपण फिराले आलो ना."

टिकेशने फोनमध्ये सोमवार सांगितला आणि फोन बंद करून टाकला.

बाहेर मामाजी गोलाच्या कडेला आले होते आणि फोनवर सांगितलेला सोमवार त्यांच्या कानावर पडला होता. दाराशी चपलांचे दोन जोड होते. ते मामाजींनी पाहिले, वाकून काठीने ओढून घेतले आणि बगलेत मारले. मागून अनुसयाबाई विचारत आली की टिकेश आन् रिंकी कोठी आहेत, मघापासून दिसले नाहीत.

"थे दोघं बाहेरगावी गेले," मामाजी म्हणाले. "सोमवारी येतीन. तुमाले का पाह्यजे थे मले सांगा."