गोधडीच्या दुसऱ्या मजल्यावर

एकदा जबाबदारी माझ्यावर टाका आणि खुशाल झोपा! हे मी उगाच म्हणत नाही, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. (शक्यतो मी समोर असताना विचारा.) म्हणूनच यंदा विभागीय गोधडी प्रदर्शन जवळ आलं तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "तू फक्त शिव. गोधडी तिथे नेणं, टांगणं, परीक्षकांशी गोड बोलणं, सगळं माझ्याकडे लागलं!"

"तुम्ही घरी थांबलात तरी पुष्कळ मदत होईल," ती म्हणाली.

मी ते मनावर घेतलं नाही. कारण यंदा तिच्या इज्जतीचा सवाल होता. पहिलं बक्षीस दरवर्षी माझी थोरली बहीण पटकावते, आणि मग वर्षभर आमच्याकडे आली की पलंगावरच्या गोधडीवरून हात फिरवत, "प्रयत्न छान आहे हो तुझा," असं बायकोला ऐकवते. यंदा बायको इरेला पेटली आणि तिने गोधडीवर अख्खी तीन मजली इमारत शिवली! गच्चीत वाळणारे कपडे, गॅलरीत कुंड्या, आणि प्रत्येक खिडकीला बटण काढलं की उघडणारं कापडी दार. दारामागे जाळीचं कापड, म्हणजे खिडकीतून आरपार दिसावं. विटांसाठी माझे शर्ट गेले, छपरासाठी पायजमे. कलेसाठी मी वाटेल तो त्याग करतो, मला न विचारता करून घेतला तरी!

प्रदर्शनाच्या दिवशी गोधडी मी स्कूटरच्या कॅरियरला बांधली. "मी मारलेली गाठ सुटायची नाही," मी म्हणालो. सुटली नाहीच! सभागृहासमोर मी ती सोडवायला गेलो, सुटेना, म्हणून गोधडीच ओढली. खालची किनार कॅरियरच्या आकड्यात अडकून टर्रकन उसवली.

बायकोने पिशवीतून सुई काढली आणि आधी माझ्यावरच रोखली.

आत आयोजक बाई हातात घंटा घेऊन बजावत फिरत होत्या, "घंटा झाली की सुई-कात्री पिशवीत! नंतर कुणाच्या हातात दिसली तर गोधडी बाद!"

"बसा," बायकोने स्टूल पुढे सरकवलं. गोधडी माझ्या मांडीवर पसरली. "किनार ताणून धरा आणि अजिबात हलू नका."

दुहेरी दोरा ओवून ती सपासप टाके घालत सुटली. शेवटची गाठ आणि घंटा एकदमच!

"झालं. उठा आता."

मी उठलो. गोधडीही उठली! मी ती बाजूला सारायला गेलो, तर माझी पँट तिच्याबरोबर निघाली. गुडघ्यापासून वीतभर पँट किनारीला पक्की शिवली गेली होती.

"हलू नका म्हटलं होतं ना?" बायको दातओठ खात पुटपुटली.

"हललो नाही म्हणूनच शिवला गेलो!"

"पँट काढा."

"इथे? एवढ्या बायकांत?"

"मग काय गोधडीबरोबर स्पर्धेत उतरणार आहात?"

तेवढ्यात परीक्षक आल्याचा गलका झाला. बायकोने गोधडी उभ्या चौकटीच्या दांडीवर चढवली आणि मला तिच्या मागे ढकललं. आता माझं डोकं दुसऱ्या मजल्यावर होतं आणि गुडघा तळमजल्यावर.

आधी ताईच आली. "अगं, इथे कापसाचा गोळा झालाय वाटतं," म्हणत तिने माझ्या गुडघ्यात बोट खुपसलं. मला लहानपणापासून गुदगुल्या फार! माझा पाय उडाला आणि अख्खी इमारत थरथरली.

"पंखा," बायको म्हणाली. "पंख्याचं वारं लागतंय."

मग परीक्षक आले, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. तळमजल्याची खिडकी उघडून "वा," पहिल्या मजल्याची उघडून "वा वा," असं करत ते वर सरकू लागले. मी श्वास रोखला. दुसऱ्या मजल्याचं बटण निघालं आणि आमची नजरानजर झाली.

आता खिडकीत माणूस भेटला तर आपण काय करतो? "नमस्कार," मी म्हणालो.

मास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "यात... यात माणूस राहतो?"

"हो ना," बायकोने तोंडाला येईल ते सांगितलं, "रिकामी इमारत बरी दिसत नाही."

"अगं बाई, हा तर आमचा धाकटा!" ताई किंचाळली. "जिवंत माणूस चालतो का? बाद करा!"

आयोजक बाईंनी नियम आठवले. "गोधडीवरची प्रत्येक वस्तू हाताच्या टाक्याने जोडलेली हवी. जिवंत-मेलेलं असं काही म्हटलेलं नाही." मागे येऊन त्यांनी माझी पँट खसकन ओढली. पँटीबरोबर गोधडी आली, गोधडीबरोबर चौकट कुरकुरली. "टाका पक्का आहे. चालेल!"

अशा रीतीने मी स्पर्धेत दाखल झालो. पुढे लोकांची रीघच लागली. एका आजींनी माझं दार उघडून मला कुंड्यांना पाणी कधी घालता म्हणून विचारलं!

निकाल लागला. पहिलं बक्षीस ताईला! जाळीतून मला बायकोचा पडलेला चेहरा दिसला. वर्षभराचं काम, आणि मी एका हिसक्यात त्याचा पोरखेळ करून ठेवला होता. मी तिला हळूच हाक मारणार, तेवढ्यात मास्तर पुन्हा माइकजवळ गेले.

"यंदा एक खास बक्षीस द्यावंसं वाटतंय," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोचं नाव पुकारलं! "टाकाऊतून टिकाऊ! जुन्या शर्टांचा असा वापर तर आम्ही पाहिलाय, पण घरात नुसतं पडून असलेलं काहीही वाया न घालवता..." असं म्हणून त्यांनी अदबीने दुसऱ्या मजल्याकडे हात केला.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बायको हसून लाल झाली. आणि ताईने, होय, माझ्या सख्ख्या ताईने, धावत येऊन तिला कडकडून मिठी मारली.

"मानलं गं तुला!" तिचे डोळे भरून आले होते. "याचा काही उपयोग होईल ही आशा आमच्या आईनेसुद्धा सोडली होती!"

दोघी हातात हात घालून चहाला गेल्या. मीही जाणार होतो, पण बक्षीसपात्र गोधड्या संध्याकाळपर्यंत हलवायच्या नाहीत, असं आयोजक बाई म्हणाल्या.