घरात दोघं, यंत्रं चौदा

परीक्षा बारा दिवसांवर आली तरी बेगायिमचं टेहळणीचं साधन काही ठरेना. मालकाच्या परवानगीनं त्याच्या संगणकांत शिरायचं आणि कुठे भगदाडं आहेत ते त्याला दाखवायचं, अशा कामाची ती परीक्षा होती. पास झाली की डेअरीच्या कचेरीत प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत बसणं संपणार होतं. पण शिरण्याआधी आत कोण कोण आहे ते हेरावं लागतं, आणि हेरायची संगणकी साधनं होती सतरा. तिनं ती वहीत लिहून काढली होती. रोज एखादं खोडायची, दुसऱ्या दिवशी त्याची दया येऊन पुन्हा लिहायची.

"घरातच वापरून बघते," शेवटी ती नवऱ्याला म्हणाली. "वायफाय आपलं, म्हणजे परवानगीही आपलीच."

मेलिसच्या तोंडात चहात बुडवलेला बोर्सोक, तळलेल्या पिठाचा तुकडा, होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तो चावून होईस्तोवर ती लॅपटॉप उघडून बसलीसुद्धा.

पहिल्या साधनानं सगळ्यांना हाका मारल्या आणि नऊ यंत्रं मोजली. दुसऱ्यानं अकरा. तिसरं काही न बोलता तासभर नुसतं कान देऊन बसलं आणि चौदा म्हणालं. बेगायिमला आनंद झाला. साधन सापडलं होतं. मग तिनं घरातली यंत्रं बोटांवर मोजली. दोन फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही.

"मेलिस, आपल्याकडे दहा चोर आहेत."

"असू देत गं. वायफाय काय वापरून झिजतं?"

"आणि यातल्या एकाचं नाव आहे 'अनारकान टीव्ही'."

अनारकान एजे वरच्या मजल्यावर राहत. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळ्यांच्या एजे, म्हणजे मोठ्या ताई. मेलिसला शाळेत भूगोल त्यांनीच शिकवला होता.

"एजेंना काही बोलू नकोस," मेलिस घाईनं म्हणाला.

"भांडणार नाहीये. समजावून सांगेन."

मेलिस बूट चढवून गाडीचं चाक बघायला खाली निघून गेला.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बेगायिमनं जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेतली. एजेंनी तिला खिडकीजवळ बसवलं, पियाल्यात दुधाचा चहा ओतला आणि चष्मा लावून ऐकायला बसल्या. बेगायिम चांगला अर्धा तास बोलली.

"एजे, पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. ती कुणालाही देऊ नये, माणूस कितीही गोड बोलला तरी. आणि दुसऱ्याची किल्ली चुकून आपल्याकडे आली असेल, तर परत करावी. कुणी रागावत नाही."

"खरंय," एजे म्हणाल्या. "बघू ती यादी." त्यांनी पेन्सिल घेतली आणि वह्या तपासाव्यात तशा खुणा करत निघाल्या. "हा माझा टीव्ही. हा फोन. हा लेकीनं दिलेला टॅब्लेट. ही रक्तदाबाची पट्टी…" दहा खुणा झाल्या. "आणि ही चार?"

"ती आमची."

"बरोबर. दहा माझी, चार तुमची."

"पण एजे, तुमची दहा आमच्या वायफायवर कशी?"

"तुमचं वायफाय आहेच कुठे, पोरी? तुमचा वायफायचा डबा नौरूझच्या सणाआधीच जळला. तू तलासला माहेरी गेली होतीस. मेलिस आला, म्हणाला, नवा आणेपर्यंत आठ दिवस तुमचं वापरू का? मी दिलं. तू परतल्यावर तुझी यंत्रंही त्यानंच जोडली असतील."

दिवसभर दुसऱ्यांचे संगणक दुरुस्त करणाऱ्या बेगायिमनं घरातल्या कपाटावरच्या डब्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिचे कान तापले. मालकाला न विचारता तिनं त्याचं घर तीनदा चाचपलं होतं, आणि वर त्यालाच उपदेश पाजला होता. तिनं सगळं कबूल करून टाकलं.

एजेंना काळजी वेगळीच होती. "माझा रक्तदाब दिसला का तुला?"

"नाही एजे. पट्टी आहे एवढंच कळतं."

"बरं झालं. नाहीतर लेकीला कळवला असतास." त्यांनी पियाला पुन्हा भरला. "चाळीस वर्षं शिकवलं मी, पण मला इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं."

मेलिस घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. उद्या डबा आणतो, असं तो चारदा म्हणाला.

सकाळी लॅपटॉप उघडला तर इंटरनेट बंद. बेगायिम वर गेली.

"एजे, पासवर्ड बदललात?"

"काल तू गेलीस तशी लगेच. बावीस अक्षरी केला."

"छान केलंत. तो जरा…"

"कुणालाही देऊ नये ना?"

"हो, पण एजे, तुम्ही मला लेकीसारखं मानता, आणि परीक्षा अकरा दिवसांवर…"

"हे बघ, गोड बोलायला लागलीस."

एजेंनी खिडकीजवळच्या टेबलावरची कुंडी उचलून खाली ठेवली. "लॅपटॉप घेऊन ये. इथे बसून अभ्यास कर. मी जोडून देते. तू तिकडे तोंड कर."

बेगायिम भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभी राहिली. एजेंनी एका बोटानं बावीस अक्षरं दाबली, एकोणिसाव्याला चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून दाबली. नंतर एक आज्ञा टाइप करून तो पासवर्ड लॅपटॉपवर वाचता आला असता. बेगायिमनं वाचला नाही. मुकाट्यानं वही उघडून तिनं सोळा साधनांवर काट मारली.

संध्याकाळी मेलिस एजेंच्या दारात आला. हातात डबा नव्हता, फोन होता.

"दुकान बंद होतं, एजे," तो म्हणाला.

एजेंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, फोनसाठी हात पुढे केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. मेलिस गेला आणि भिंतीकडे तोंड करून नकाशाशेजारी उभा राहिला. पाचवीत असताना एजेंच्या वर्गातही त्याची जागा तीच होती.