आमच्याकडे पाठ फिरवून बसणारे ओव्हाळ सर

आमच्या जुन्या बॅचची पोरं आता सगळी आजोबा झाली आहेत. "ओव्हाळ सरांबद्दल लिही," असं ती मला कितीदा म्हणाली असतील. "तुझं अक्षर चांगलं, तुला लिहायला जमतं." मी दर वेळी निमित्त काढलं. कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी नातीची परीक्षा. खरं कारण वेगळं होतं. सरांबद्दल लिहायचं तर त्यात मी येतो, आणि मी जिथे येतो तिथे माझं तोंड काही चांगलं दिसत नाही. आता पंचाहत्तरी उलटली. यापुढे टाळायलाही फारसा वेळ उरलेला नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

ओव्हाळ सर आमच्याकडे पाठ फिरवून शिकवायचे.

खोपोलीच्या शिळफाट्यापासून पंधरा मिनिटं चाललं की भाताचं एक जुनं गोदाम लागायचं. त्यात आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. आता ते नाही, गोदामही नाही. खोपोलीत कारखाने उभे राहत होते आणि आमच्या भागात प्रत्येक बापाला वाटायचं, आपला एक तरी मुलगा फिटर व्हावा. तसे आम्ही सोळा जण तिथे जमलो होतो. सोळा जणांपुढे सोळा वाइस, म्हणजे काम पकडून ठेवायचे शिकंजे, वाइसमध्ये लोखंडाचा एकेक ठोकळा आणि हातात घासायची कानस. सर एका स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. आम्ही घासायला लागलो की पाच मिनिटांनी भिंतीला उद्देशून बोलणं सुरू व्हायचं.

"पळसदरी, फुडचा हात जड पडतोय. हलका कर."

"चौक, तुझी कानस रडतीये रं. तिला काय दुखतंय ते इचार जरा."

पळसदरी, चौक ही आमची नावं. सरांनी कधीच कुणाला आडनावाने हाक मारली नाही. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. मी शेलूचा, म्हणून शेलू. हजेरी घेताना एसटीचा कंडक्टर थांबे ओरडतोय असं वाटायचं.

चौकचा भगत म्हणजे आमच्यातला वाह्यात. तो म्हणायचा, "म्हातारा अंदाजपंचे बोलतो. आवाजावरून कुणाला कळतं व्हय?" एकदा आम्ही दोघांनी गुपचूप जागा बदलल्या. मी त्याचा ठोकळा घासायला लागलो, तो माझा. सरांनी मिनिटभर ऐकलं, मग मान न वळवता म्हणाले, "चौक, शेलूच्या जाग्यावर काय हाय? तिथं काय जेवण वाढलंय?" सगळं गोदाम हसलं. भगत हसला नाही.

ठोकळा झाला असं वाटलं की तो सरांकडे न्यायचा. ते त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, टेकवून खिडकीपुढे धरायचे आणि एक डोळा बारीक करायचे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी फट दिसली तरी झालं. "उजेड दिसतोय," एवढंच म्हणून ठोकळा परत. दिवसातून चाळीस वेळा ते वाक्य आमच्या कानावर पडायचं. पळसदरी तर झोपेतही "उजेड दिसतोय" म्हणायला लागला होता, असं त्याची आई सांगायची.

सरांच्या खिशाला पेन नसायचं. तिथे सहा इंची पोलादी पट्टी असायची. शिळफाट्याच्या चहाच्या टपरीवर बसले की आधी ती पट्टी टेबलावर आडवी ठेवून खाली वाकून बघायचे, मग विडीच्या बंडलाचा कागद घडी करून टेबलाच्या पायाखाली सारायचे. टपरीवाला वैतागायचा. "सर, चाय पिताव का टेबलाची मोजणी करताव?"

"आरं, चा सांडतोय ना तुझा."

"मी सांडतो का चाय? गिऱ्हाईक सांडतंय!"

"गिऱ्हाईक नाय, टेबल सांडतंय."

लग्नाला गेले तर पाट सरळ आहे का ते आधी बघायचे आणि मग अक्षता घ्यायचे. अंगाने किडकिडीत, पायात टायरच्या चपला. पोशीरहून सायकलने नेरळला यायचे, तिथून गाडी, कर्जतला बदलून खोपोली. संध्याकाळी पाच वाजले की कुणाशी दोन शब्दही न बोलता निघायचे. घरी म्हातारी आई होती. सर आल्याशिवाय ती जेवत नसे.

दोन महिने झाले तरी आम्ही तोच ठोकळा घासत होतो. कोपऱ्यात लेथ होता, ड्रिलचं यंत्र होतं. सर म्हणायचे, "आधी हात तयार होऊंद्या. मशीन काय, पळून जात नाय." दुसऱ्या एका केंद्रातली पोरं लेथवर बसली असं कुठून तरी कळलं आणि आमच्यात चुळबुळ सुरू झाली. परीक्षा आली तर काय ठोकळा दाखवायचा? भगत म्हणाला, वरच्या साहेबाला अर्ज करू. अर्ज कुणी लिहायचा यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सह्या करणाऱ्यांत दोन-तीन जण असे होते, ज्यांची तक्रार ठोकळ्याबद्दल नव्हतीच. सर बौद्ध होते. "आता ह्यांच्याकडून शिकायचं का आपण?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि ऐकून गप्प बसलो होतो.

अर्ज मी झोकात लिहिला. अभ्यासक्रम पाळत नाहीत, एकच काम दोन महिने देतात, यंत्रांना हात लावू देत नाहीत. हे सगळं खरं होतं. पण कागदावर ते मिळमिळीत दिसायला लागलं. शेवट जोरदार हवा असं मला वाटलं. तेव्हा कुणी न सांगता, माझ्या मनाने, मी एक वाक्य घातलं: "सदर निदेशक कामाच्या वेळेत वर्गाकडे पाठ फिरवून झोपा काढतात."

भगतने वाचलं आणि माझ्या पाठीत धपका मारला. "ह्याला म्हणतात अर्ज!" मला बरं वाटलं. वाक्य खोटं आहे हे सोळा जणांत सगळ्यात चांगलं मला माहीत होतं. जागा बदलून बघणाऱ्यांतला एक मीच होतो.

महिन्याभराने सरांना खुलासा मागवणारं पत्र आलं. सोबत आमचा मूळ अर्जही जोडलेला असणार, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सरांनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं. केंद्राचे सगळे कागद ते माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. "शेलूचं अक्षर म्हंजे परेडला उभे ऱ्हायलेले पोलीस," म्हणायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं.

"बस. एक उत्तर लिवायचंय," ते म्हणाले. पुढ्यात पत्र होतं, पण ते त्यांनी उलटं घालून ठेवलं होतं.

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "मुलांची तक्रार खरी हाय. मी त्येंना दोन महिनं एकच काम दिलं." मग मला सांगितल्यासारखं, पण खिडकीकडे बघत बोलायला लागले. मुंबईच्या एका गिरणीत ते पोरवयात लागले, ते झाडूवाला म्हणून. वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस गोळा करायचं काम. कानशीला हात लावायची परवानगी नव्हती, वाइसजवळ उभं राहिलं तरी शिवी मिळायची. "मंग मी झाडता झाडता आइकायचो. कोन चांगला कारागीर, कोन थापाड्या, सगळं आवाजावरनं कळायला लागलं. सात वर्सं नुस्तं आइकलं. मंग एका फोरमनला दया आली आन् त्यानं माज्या हातात कानस दिली. दोन दिवसांत ठोकळा करून दावला." ते हसले. "ह्या पोरांना पैल्या दिसापासनं हातात भेटतीये. वाटलं, पोटभर कानस मारूंदे."

मी हे सगळं लिहिलं. सरांनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "ते गिरणीचं खोडून टाक. सायबाला कशाला आपलं रडगाणं?"

मी खोडलं.

"आन् झोपंचं..." माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. "झोपंचं असं लिव, का ज्यानं लिवलं त्येला तसं दिसलं आसंल. त्येचा दोष नाय."

मी तेही लिहिलं. एक अक्षर वाकडं आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात साहेब चौकशीला आले. आम्हाला एकेकाला बोलावलं. मी आत गेलो तेव्हा सर टेबलाच्या बाजूला उभे होते. टेबलावर दोन कागद. एक माझ्या अक्षरातला अर्ज. दुसरं सरांचं उत्तर, पण ते माझ्या अक्षरातलं नव्हतं. अख्खा कागद सरांनी स्वतः पुन्हा लिहून काढला होता. ओळी उतारावर लागलेल्या, अक्षरं एकमेकांवर चढलेली, जागोजागी खाडाखोड.

साहेब तो कागद चिमटीत धरून म्हणाले, "काय हे? सरकारी खुलासा आहे की कोंबड्या नाचल्यात?" मग माझा अर्ज वर धरून सरांना विचारलं, "हा कुणी लिहिलाय? ह्या मुलांचं अक्षर तुम्हाला माहीत असेलच."

सरांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "नाय सायेब. येवढं सुंदर अक्षर आमच्या पोरांत कुनाचंच नाय."

मी तिथे उभा होतो. त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी मला विचारलं, "काय रे, झोपतात का हे?"

मी खाली बघितलं. साहेबांना तेवढं पुरलं.

"बाकीचं मी सोडून दिलं असतं," साहेब सरांना म्हणाले. "पण ड्यूटीवर झोपता म्हणजे काय?"

सरांची बदली रत्नागिरीच्या पलीकडे झाली. शेवटच्या दिवशीही ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि पाच वाजता उठून गेले. नवे निदेशक आमच्याकडे तोंड करून शिकवायचे. आम्हाला लेथ मिळाला. पुढे कारखान्याच्या भरतीत आमच्या हातात लोखंडाचा एक तुकडा दिला आणि म्हणाले, चौकोनी करून दाखवा. दुसऱ्या केंद्रांची पोरं कानस उलटसुलट करून बघत होती. आमच्या सोळातले चौदा लागले. भगतसुद्धा लागला. घरी पेढे वाटले. पोशीरला पेढे न्यावेत असं माझ्या मनात आलं, आणि मनातच राहिलं.

दहा-बारा वर्षांनी सर मला कर्जतच्या एसटी स्टँडवर दिसले. निवृत्त होऊन परत आले होते. मांडीवर पिशवी, केस पांढरे. मी पाया पडलो.

"शेलू! कुठं हायस रं आता?"

"कारखान्यात, सर. टूलरूमला."

"टूलरूमला!" शेजारी एक अनोळखी बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. सर तिला सांगायला लागले, "ह्यो माजा पोरगा. टूलरूमला हाय." टूलरूम म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यात कसबी कारागिरांची जागा, हे बाईला कळलं नाही, तरी ती "आगं बया," म्हणाली.

मग त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. पळसदरीचं लग्न झालं का, चौक आता तरी सुधारला का. ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्या सगळ्यांची नावं, म्हणजे गावं, त्यांना पाठ होती.

"आई बऱ्या आहेत?" मी विचारलं.

"ती गेली रं. मी तिकडं व्हतो तवाच. तिला न्यायला बगितलं, पन ती पोशीर सोडून येईना." ते सहज बोलल्यासारखं बोलले. "कळवलं मला. पर पोचायला दुसरा दिस उजाडला."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. मी पिशवी घेतली, त्यांना हाताला धरून चढवलं. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा. वाक्य माझ्यापाशी तयार होतं, इतक्या वर्षांत शंभर वेळा मनात बोलून झालं होतं. सर, तुम्ही झोपत नव्हता. ते मी लिहिलं. मला माफ करा. एवढंच होतं. ही आमची शेवटची भेट ठरणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी मी वेगळा वागलो असतो असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

कंडक्टरने दार ओढून घेतलं.

"सर," मी म्हणालो.

ते खिडकीतून वाकले. "बोल की रं."

"बसायला नीट जागा मिळाली ना?"

"मिळाली रं, मिळाली," सर म्हणाले.