नव्वद गुणांची श्रीमंती

"एका सेकंदाने!" आईने पत्राचा मसुदा तिसऱ्यांदा वाचून दाखवला आणि पेनाचं टोपण असं दाबून बसवलं, की ते पुन्हा निघेल का अशी शंका यावी. "एका सेकंदाने हरली म्हणून आपल्या पोरीने रोज तीन तास बसमध्ये लोंबकळायचं, आणि ज्यांच्या दारात गाड्या मावत नाहीत त्यांच्या मुलीने फुकट होस्टेलात राहायचं? मी हे होऊ देणार नाही."

"लोंबकळत नाही गं, बसायला मिळतं," मुलगी म्हणाली. घरात तिला सगळे खार म्हणत, कारण ती सावकाश चालताना कधी कोणाला दिसलीच नव्हती. "आणि आई, ती पहिली आली. पळताना तिच्या बाबांचे पैसे तिला मागून ढकलत नव्हते."

"तू गप्प बस. आधी स्वतःचे बूट बघ."

बूट बघण्यासारखेच होते. डाव्या बुटाचा तळ बाबांनी वॉशिंग मशीनच्या रबराने चिकटवला होता. कॉलेजची धावपटूंसाठीची शिष्यवृत्ती वर्षाला एकीलाच मिळायची: फी माफ, मैदानामागच्या होस्टेलात खोली आणि बुटांचे दोन जोड. आठशे मीटरच्या चाचणीत टाइल्सच्या कारखानदाराची मुलगी पहिली आली होती आणि खार दुसरी.

आईचं पत्र प्राचार्यांकडे गेलं. लेखी आलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणणं प्राचार्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी ते हेडक्लार्ककडे पाठवलं. हेडक्लार्कने कपाटाच्या तळातून एक जुना छापील फॉर्म शोधून काढला. घरात दिसलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूला दहा गुण. चाळीसच्या वर गेलं की कुटुंब सधन. सधन मुलीला शिष्यवृत्ती नाही. दोन्ही घरांची पाहणी येत्या पंधरवड्यात, पूर्वसूचना न देता.

"बघितलंस?" आई म्हणाली. "न्याय असतो जगात. आपल्याकडे काय, एक फ्रिज आणि एक टीव्ही. वीस गुण."

बोलता बोलता तिची नजर बाहेरच्या खोलीकडे गेली आणि तिथेच अडकली. बाबा घरगुती यंत्रं दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं, बाहेरची खोली होती. त्या खोलीत त्या घडीला तीन वॉशिंग मशीन, दोन फ्रिज आणि दोन एसी पोट उघडून पडले होते.

"हे सगळं उचला इथून," आई म्हणाली.

"अगं, पेशंट आहेत ते," बाबा म्हणाले. ते गिऱ्हाइकांच्या यंत्रांना पेशंटच म्हणत. "अर्ध्या उपचारात डिस्चार्ज देतात का कुणी? आणि ही आपली थोडीच आहेत! सांगू ना त्यांना."

"फॉर्ममध्ये ‘कोणाचे’ असा रकाना नाही. मी विचारून आले."

आईने एखादी गोष्ट विचारून आल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नसे, हे बाबांना लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंची एक खोली रिकामी होती. पण बाबांना पेशंट तपासायला तर हवेत, आणि वरच्या खोलीत पाण्याचा नळ नव्हता. म्हणून ठरलं ते असं: सकाळी ऑफिसं उघडायच्या आत सात यंत्रं वर, संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर सात यंत्रं खाली. बाबांची कंबर नाजूक. म्हणून ते जिन्यात वरचं टोक धरायचे आणि "सांभाळून, सांभाळून" म्हणायचे. खालचं टोक, म्हणजे खरं वजन, खारीकडे.

"आई, यापेक्षा बस बरी," तिसऱ्या दिवशी खार धापा टाकत म्हणाली.

"बोलू नकोस, श्वास नाकातून घे."

हेडक्लार्क दहाव्या दिवशी आला, दुपारी. घर कसं लख्ख रिकामं होतं. आईने त्याला फ्रिज दाखवला, टीव्ही दाखवला, मुद्दाम बूटही दाखवले. त्याने ‘वीस’ असं लिहिलं, टोपण लावलं, पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. एवढ्यात जिन्यातून काकूंचा आवाज आला.

"अगं ए, तुझं तिसरं वॉशिंग मशीन आमच्या न्हाणीघराच्या दारात आलंय! ह्यांना मघापासून आंघोळीला जाता येईना. आणि ते दोन फ्रिज तेवढे भिंतीकडे सरकव बाई!"

हेडक्लार्कने ग्लास खाली ठेवला. टोपण काढलं.

"साहेब, ती पेशंट आहेत," आई म्हणाली.

"कोण?"

"यंत्रं."

तो वर जाऊन आला. वीस आणि सत्तर मिळून नव्वद गुण. शेरा: ‘मालमत्ता शेजारी दडवून ठेवल्याचे आढळले.’

कारखानदाराच्या बंगल्यावर तो त्याच संध्याकाळी गेला. तिथे फरशा बदलायचं काम चाललं होतं. सामान सगळं गोदामात, दारात वाळूचा ढीग, म्हणून गाड्याही दुसरीकडे. कुटुंब उलट्या बादल्यांवर बसून कागदी कपातून चहा पीत होतं. कोपऱ्यात एक टीव्ही चादरीत गुंडाळलेला. दहा गुण.

सोमवारी कॉलेजच्या फलकावर निकाल लागला. आई तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरली, तर समोर कारखानदार आधीच टेबलावर मूठ आपटत उभा होता.

"माझी मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल? बोर्डावर लावलंत? सकाळपासून तीन व्यापाऱ्यांचे फोन आलेत, ‘शेठ, सगळं ठीक ना?’ म्हणून! उद्यापासून मला कोणी उधार माल देणार नाही!"

"मग सोडा ना शिष्यवृत्ती," आई म्हणाली. "तुम्हाला काय कमी आहे?"

कारखानदार वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "ताई, मला कमी नाही. तिला आहे. आजवर तिने काही मिळवलं की लोक म्हणतात, बापाने आणून दिलं. हे एकच तिने स्वतःच्या पायांनी आणलं. पहिली आली म्हणून द्या. गरीब म्हणून नको."

आईला आठवलं, खारीने तरी काय वेगळं सांगितलं होतं?

"आणि माझ्या मुलीवर सधन असा शिक्का नको," ती शेवटी म्हणाली. "तो शेरा राहिला तर उद्या तिची साधी फी सवलतही जाईल. साहेब, फाडा तो फॉर्म."

"फाडता येत नाही," कोपऱ्यात फाईल घेऊन उभा असलेला हेडक्लार्क म्हणाला. "तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तरच फाईल रद्द होते."

तक्रारदार म्हणजे आई. तक्रार मागे म्हणजे होस्टेलची खोली गेली, बूट गेले, तीन तासांची बस राहिली. आईने दोन मिनिटं खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि सही केली.

हेडक्लार्कने फाईल बांधली आणि घसा खाकरला. "आता धावण्याच्या चाचणीचा कागद याच फाईलला लावलेला होता. तोही रद्द. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल."

शनिवारी चाचणी झाली. कठड्याजवळ आई आणि कारखानदार शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांकडे न बघता. शेवटच्या वळणावर खार पुढे होती. आईने श्वास रोखला. नाकातूनही घेतला नाही. रेषेजवळ दोघी एकत्रच पोचल्या, आणि खेळाच्या सरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन तीनदा पाहिलं.

कारखानदाराची मुलगी पहिली. एक दशांश सेकंदाने.

खार गवतावर उताणी पडून हसत होती आणि शेजारी पहिली आलेलीही. कारखानदार चाचरत म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पुढल्या वर्षी पुन्हा चाचणी आहेच. आणि हो, आमचे दोन एसी गळतायत. तुमचे मिस्टर दुरुस्त करतात म्हणे, बघतील का?"

आई मनात हिशेब करत होती. दहा दिवस, सात यंत्रं, सकाळ-संध्याकाळ जिना. एका सेकंदाचं अंतर एक दशांश सेकंदावर आलं होतं.

"बघतील की," ती म्हणाली. "पाठवून द्या. काकूंशी मी बोलते, खोली वर्षभरासाठी ठरवून टाकते."

संध्याकाळी टेम्पो आला. दोन हमालांनी एसी उतरवून जिन्याकडे तोंड केलं, तोच आई दारात आडवी उभी राहिली.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "खाली ठेवा तिथेच. खारे, ये गं!"