विमलअक्कांची उंच जीप

विमलअक्कांना नवा माणूस भेटला की त्या आधी त्याच्या गाडीची टायरं बघतात, मग त्याचं तोंड. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा अक्का आमच्या फाटकातच होत्या. मुलगा उतरून नमस्कार करेपर्यंत त्यांनी त्याच्या पुढच्या चाकावरून हात फिरवून घेतला होता. आत येऊन माझ्या बायकोच्या कानात म्हणाल्या, "टायर दोन्हीकडून सारखं झिजेल शे. पोरगा सरळ शे. द्या पोरगी." आम्ही दिली. अजून तक्रार नाही.

अक्का धुळ्यात आमच्या शेजारी एकट्या राहतात. लग्न केलं नाही. सगळी नोकरी शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर नर्स म्हणून झाली. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या बायका तीर्थयात्रेला गेल्या, अक्कांनी एक जुनी जीप घेतली. एक रविवार आड त्या एकट्याच ती चालवत त्यातल्या एका पाड्यावर जायच्या. अक्कांची सेवा अजून चालूच आहे, असं आमची कॉलनी कौतुकाने म्हणायची. अक्का त्यावर काही बोलायच्या नाहीत. जीपशी मात्र भरपूर बोलायच्या. इंजिन तापलं की बॉनेटवर हात ठेवून "कधीपासून वाटस असं?" म्हणून विचारायच्या.

अडचण होती एका नाल्याची. पाड्याच्या अलीकडे नारळाएवढ्या गोट्यांनी भरलेला नाला आहे. जीपच्या मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, तो नेमका त्या दगडांवर टेकायचा आणि चाकं जागच्या जागी फिरत राहायची. दोनदा लोकांनी बैल लावून जीप ओढून काढली. तिसऱ्यांदा गोळ्याला चीर गेली, सगळं तेल वाहून गेलं, आणि अक्कांचं जाणं बंद पडलं. दोन महिन्यांत त्या इतक्या उतरल्या, की एके दिवशी दूधवाल्याने पातळ दूध दिलं तर त्याला बोलल्यासुद्धा नाहीत. तेव्हा आम्हाला काळजी वाटायला लागली.

मग एका सकाळी त्या मला हायवेवरच्या सलीममिस्त्रींच्या गॅरेजवर घेऊन गेल्या. गोळ्याची चीर सांधून झाली होती; आता मोठी टायरं बसवायची आहेत, म्हणाल्या. मिस्त्रींनी समजावलं, की टायर राहू द्या, स्प्रिंगचे पाटे वाढवू, गाडी उंच होईल. अक्कांनी त्यांच्याकडे औषध न घेणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं.

"मिस्त्री, लुगडं वर खोचलं म्हणून पाय लांब होतात का? पाट्यांनी गाडीचं अंग वर जाईल. गोळा राहील तिथेच. त्याला उचलायचं तर चाकच मोठं पाहिजे."

मिस्त्री चाळीस वर्षं गाड्या उघडत होते. ते हातातला पाना खाली ठेवून गाडीखाली वाकून बघून आले आणि म्हणाले, बाई बरोबर बोलतेय.

टायरं बसली. सरळ उभी जीप झकास दिसत होती. स्टिअरिंग वळवलं मात्र, आणि पुढचं चाक मडगार्डला घासून कर्रर्र वाजलं. मिस्त्रींनी जुनी टायरं परत चढवायची तयारी केली. अक्कांनी ओला चुना मागवला. तो टायरच्या कडांना फासला, एक चाक विटांच्या थप्पीवर चढवलं आणि मला स्टिअरिंगवर बसवून आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला लावलं. मडगार्डच्या आत जिथे जिथे पांढरं उमटलं तिथे त्यांनी खडूने रेघ ओढली. टेपने तीनदा मापलं. मग मिस्त्रींना म्हणाल्या, "इथून इथपर्यंत कापा. घाबरू नका, मी शे ना."

कापलेल्या पत्र्याची कड हाताला लागू नये म्हणून अक्कांनी घरून सलाइनची नळी आणली, ती उभी चिरली आणि कडेवर बसवली. मिस्त्रींनी स्टिअरिंग पुन्हा दोन्हीकडे फिरवलं. आवाज नाही. सगळ्या गॅरेजला अक्कांनी चहा पाजला.

पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो. सोनगीरच्या चढावर जीप जरा दमली. मोठ्या चाकांना जोर जास्त लागतो, अक्कांनी शांतपणे गिअर उतरवला. चाकं मोठी, म्हणून वेगाचा काटाही आता खरं सांगत नव्हता. "मी वय सांगते तसं सांगतो तो," अक्का म्हणाल्या. "थोडं कमी."

नाल्यापाशी त्यांनी खालचा गिअर टाकला. जीप गोट्यांवर चढली, डावीकडे कलली, मी दांडी घट्ट धरली. खाली काही टेकलं नाही. आम्ही पलीकडे होतो. अक्कांनी पदराने कपाळ पुसलं, एवढंच.

मला वाटलं होतं, आता पेशंटची रांग लागेल, औषधांची पिशवी निघेल. पिशवी नव्हतीच. एका झोपडीच्या ओट्यावर झुलाबाई बसली होती, अक्कांहून थकलेली. ती इथली दाई. तीस वर्षं दोघींनी मिळून बाळंतपणं केली होती. आता तिच्याच्याने पाड्याखाली उतरवत नाही. तिने जीपकडे ढुंकूनही बघितलं नाही. इतके दिवस कुठे होतीस, असं काहीसं ती तिच्या बोलीत रागावून बोलली आणि समोरची जमीन हाताने थोपटली. अक्का मुकाट्याने तिच्या पुढ्यात पाठ करून बसल्या. झुलाबाईने त्यांचा अंबाडा सोडला, वाटीतलं तेल तळहातावर घेतलं आणि डोक्यावर चोळायला लागली.

मी बघतोय हे अक्कांच्या लक्षात आलं. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "धुळ्यामा मना डोकाले तेल लावनारं कोन शे, भाऊ?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. झुलाबाईची बोटं सावकाश फिरत होती. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो.